नवे पेट्रोल, जुना कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरमधला साक्षीदार

जुनी मारुती ८००, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी किंवा पेट्रोलवर धावणारी जीप ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांच्याकडून अलीकडे एकसारखीच तक्रार ऐकू येते. सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळते आणि मग धावते. चढावर पूर्वीसारखी उचलत नाही, इंजिन मात्र लवकर तापते. मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडून साफ करतो, मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे फिरवतो, प्लग पुसून बसवतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते.

अशा तक्रारींमागे अनेक कारणे असू शकतात. त्यांतले एक कारण मात्र गाडीत नसून पंपावरच्या नळीत आहे. गाडी तीच, जेट तेच, स्क्रूही तिथेच; पण टाकीत पडणारे पेट्रोल बदलले आहे. हा बदल कार्ब्युरेटरला कळत नाही आणि नुसत्या कानाने तो नेमका मोजताही येत नाही. तो मोजण्याचे साधन म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. नव्या गाड्यांत तो कारखान्यातूनच बसवून येतो. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीच्या ट्यूनिंगसाठी त्याचा उपयोग कसा होतो आणि तो वापरताना कुठे फसगत होते, ते या लेखात पाहू.

कार्ब्युरेटरला काय कळते?

कार्ब्युरेटर हे अत्यंत हुशारीने बनवलेले, पण आंधळे यंत्र आहे. इंजिन हवा ओढते. ती हवा अरुंद गळ्यातून जाताना वेगवान होते आणि तिथला दाब कमी होतो. त्या कमी झालेल्या दाबामुळे फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. किती पेट्रोल यावे हे ठरते ते जेटच्या छिद्रावरून आणि हवेच्या ओढीवरून. त्या पेट्रोलमध्ये काय मिसळले आहे, हवा विरळ आहे की दाट, थंड आहे की तापलेली, याची दखल घेण्याची सोय साध्या कार्ब्युरेटरात नसते.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. यापेक्षा पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’ आणि कमी झाले की ‘लीन’, असे गॅरेजच्या भाषेत म्हणतात. रिच मिश्रणाने अ‍ॅव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लीन मिश्रणाने गाडी अडखळते, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो, आणि जोर लावताना मिश्रण लीन असेल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांना अति उष्णतेचा त्रास होतो.

२००० सालच्या १ एप्रिलपासून देशभर नव्या मोटारींसाठी धुराचे कडक निकष लागू झाले. त्या सुमारास बहुतेक पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटर गेला आणि संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी इंजेक्शन पद्धत आली. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ७९६ सीसीची मारुती ८०० ही दोन्ही काळ पाहिलेली गाडी. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तरी खासगी मालकीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या गोव्यात आणि घाटापलीकडच्या गावांत अजून आहेत. हा सारा विषय त्यांच्यासाठी आहे.

वीस टक्क्यांचा हिशेब

देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये पूर्ण झाले. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत औपचारिकरीत्या बाजारात आणले गेले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉल मुख्यतः ऊस आणि धान्य यांपासून तयार होते. परकीय चलन वाचते, ऊस उत्पादकाला ग्राहक मिळतो, ही त्याची जमेची बाजू आहे. बिदर, लातूर, धाराशिव या पट्ट्यातल्या उसाच्या शेतकऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

जुन्या कार्ब्युरेटरच्या दृष्टीने मात्र एक अडचण आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे १ किलो इथेनॉल जाळायला १४.७ नव्हे, सुमारे ९ किलो हवाच पुरते. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साधारण १३.५ वर येतो. म्हणजे हवा तेवढीच असेल तर आता पेट्रोल जास्त हवे. पण जेटचे छिद्र जुन्या पेट्रोलच्या मापाचे. ते पूर्वीइतकेच इंधन देते. परिणामी पूर्वी अगदी नेमके असलेले मिश्रण सुमारे ८ टक्के लीन होते. १० टक्के इथेनॉलच्या काळात व्यवस्थित जुळवून घेतलेली गाडीही सुमारे ४ टक्के लीनकडे सरकते.

इंजेक्शनच्या गाडीत हा फरक ऑक्सिजन सेन्सर ओळखतो आणि संगणक मर्यादेत भरून काढतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो फरक तसाच राहतो. ज्या मालकाला वाटते की आपली गाडी आता म्हातारी झाली, त्याची गाडी कदाचित केवळ उपाशी असते.

किनारा आणि पठार

इंधनाबरोबर हवाही बदलते. पणजी समुद्रकाठी आहे. बिदरहून औरादकडे जाताना लागणारे संतपूर दख्खनच्या पठारावर आहे. बिदर जिल्ह्याची सरासरी उंची सुमारे ६०० मीटर. या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठापेक्षा साधारण साडेपाच टक्के कमी असते. हवा साडेपाच टक्के घटली तरी कार्ब्युरेटरातून येणारे पेट्रोल मात्र त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास, घटते. त्यामुळे किनाऱ्यावर जुळवलेली गाडी पठारावर सुमारे ३ टक्के रिच होते.

आता दोन्ही हिशेब एकत्र मांडू. जुन्या शुद्ध पेट्रोलवर पणजीत नेमकी जुळवलेली गाडी आज २० टक्के इथेनॉलवर पणजीत ८ टक्के लीन आहे. तीच गाडी घाट चढून संतपूरला नेली तर ती ५ टक्केच लीन राहील. म्हणजे किनाऱ्यावर कुरकुरणारी गाडी पठारावर थोडी बरी चालेल. उलट संतपूरच्या मेकॅनिकने जुळवून दिलेली गाडी घाट उतरून गोव्यात आली की आणखी लीन होईल आणि इथला मालक तिथल्या मेकॅनिकला दोष देईल. ऋतूचा फरक वेगळाच. पठारावर डिसेंबरच्या १५ अंशांच्या पहाटेपासून मेच्या ४० अंशांच्या दुपारपर्यंत मिश्रण आणखी सुमारे ४ टक्क्यांनी बदलते.

जुने मेकॅनिक हे सारे कानाने, नाकाने आणि प्लगच्या रंगाने ओळखत. ते कौशल्य खरेच होते. पण ते ज्या पेट्रोलवर घडले, ते पेट्रोल आता नाही. शिसे असलेले पेट्रोल २००० साली बंद झाले. शिसेविरहित आणि इथेनॉलयुक्त पेट्रोल प्लगवर पूर्वीसारखा स्पष्ट तपकिरी रंग ठेवत नाही. त्यामुळे रंगावरून काढलेला निष्कर्ष आता अंदाजाच्या जवळ जातो.

ऑक्सिजन सेन्सर काय सांगतो?

सेन्सरचे तत्त्व जुने आहे. झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनचा धूर असेल, आणि तो पदार्थ पुरेसा तापला असेल, तर दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकामुळे सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या समीकरणावर हे आधारलेले आहे. बॉश कंपनीने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीत प्रथम विक्रीसाठी बसवला गेला.

सेन्सरचे दोन प्रकार आहेत. पहिला ‘नॅरोबँड’. मिश्रण रिच असेल तर तो सुमारे ०.९ व्होल्ट, लीन असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट दाखवतो. नेमक्या बिंदूवर ०.४५ व्होल्टच्या आसपास एकदम उडी घेतो. म्हणजे तो ‘या बाजूला’ की ‘त्या बाजूला’ एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. साध्या डिजिटल मल्टिमीटरवर तो वाचता येतो आणि स्वस्तही असतो. संथ चालणाऱ्या इंजिनची ढोबळ तपासणी त्याने होते. पूर्ण जोर लावताना मिश्रण किती रिच आहे ते मात्र त्याच्याकडून कळत नाही.

दुसरा ‘वाइडबँड’. बॉशचा एलएसयू ४.९ हा त्यातला सर्वपरिचित नमुना. त्याच्यासोबत नियंत्रक पेटी लागते. आत हीटर असतो आणि तो सेन्सरला साडेसातशे अंशांहून अधिक तापमानावर ठेवतो. हा सेन्सर मिश्रण किती रिच किंवा किती लीन आहे ते आकड्यात दाखवतो. ट्यूनिंगसाठी हाच खरा उपयोगी.

१४.७ चा चकवा

वाइडबँडच्या अनेक मीटरांवर हवा-इंधनाचे गुणोत्तर दिसते: १४.७, १३.२, १२.५ असे. इथे मोठी फसगत होते. सेन्सर प्रत्यक्षात हवा आणि पेट्रोल तोलत नाही. तो धुरातील ऑक्सिजनवरून एवढेच ठरवतो की मिश्रण पूर्ण ज्वलनाच्या बिंदूपासून किती दूर आहे. या मापाला ‘लॅम्डा’ म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे नेमके. १ पेक्षा कमी म्हणजे रिच. जास्त म्हणजे लीन. मीटर या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो, कारण त्याला बनवताना शुद्ध पेट्रोल गृहीत धरलेले असते.

म्हणून २० टक्के इथेनॉलवर मीटर १४.७ दाखवत असेल तर प्रत्यक्ष गुणोत्तर १३.५ च्या आसपास असते, आणि तरीही मिश्रण अगदी नेमके असते. कोणी ‘नव्या पेट्रोलचा आकडा १३.५ आहे’ असे ऐकून मीटरवर १३.५ आणायला गेला, तर तो गाडी उगाचच ८ टक्के रिच करील. उपाय सोपा आहे. मीटर लॅम्डावर ठेवावा आणि गुणोत्तर विसरून जावे. पेट्रोल कोणतेही असो, १ चा अर्थ बदलत नाही.

आधी बाकीचे दुरुस्त

सेन्सर साक्षीदार आहे, वैद्य नव्हे. आणि साक्षीदारही दिशाभूल झाला तर चुकीची साक्ष देतो. एखादा प्लग ठिणगी सोडत नसेल तर त्या सिलिंडरमधली हवा आणि पेट्रोल न जळताच बाहेर पडतात. सेन्सरला न वापरलेला ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘लीन’ म्हणतो. प्रत्यक्षात दोष ठिणगीचा असतो. सायलेन्सरच्या जोडावर भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा खोटे ‘लीन’ दिसते. संथ गतीत हा धोका जास्त.

त्यामुळे कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी टॅपेटचे अंतर, पॉइंटचे अंतर, प्लग, ठिणगीचे टायमिंग, एअर फिल्टर आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत नाही, हे पाहावे. फ्लोटच्या वाटीतली पेट्रोलची पातळी ठरल्याप्रमाणे आहे याची खात्री करावी. ती चुकली तर सगळे जेट एकदम चुकतात. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते किंवा ठिसूळ होते, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्याही पाहाव्यात. हा दोष सेन्सर दाखवणार नाही. आगीचा धोका मात्र खरा आहे.

सेन्सर कुठे बसवायचा?

सायलेन्सरच्या पुढच्या पाइपवर, सर्व सिलिंडरांचे धूर एकत्र आल्यानंतर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यास त्याच्या आधी, १८ मिलिमीटरच्या आट्याची बैठक वेल्डिंगने बसवून घ्यावी. सेन्सर पाइपच्या वरच्या बाजूला, घड्याळाच्या १० ते २ या काट्यांच्या दरम्यान असावा. खाली बसवला तर पाइपात साचणारे पाणी तापलेल्या झिर्कोनियावर पडते आणि तो तडकतो. इंजिनच्या फार जवळ बसवला तर अति तापतो.

पाइपात असलेल्या वाइडबँडचा हीटर इंजिन चालू असताना बंद ठेवू नये. थंड सेन्सरवर काजळी बसून तो निकामी होतो. काम झाले की सेन्सर काढून बैठकीला बूच लावावे. जे इंजिन ऑइल खाते, त्यात महागडा सेन्सर कायमचा ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या धुरातही ऑइल असल्याने तिथे त्याचे आयुष्य थोडेच.

क्रमाने ट्यूनिंग

कार्ब्युरेटर हे एक यंत्र दिसले तरी आत चार-पाच वेगळी यंत्रे काम करतात. संथ गतीचा मार्ग, तिथून पुढे नेणारी बारीक छिद्रे, मुख्य जेट, पूर्ण जोराची वाढीव सोय आणि अ‍ॅक्सिलरेटर पंप. प्रत्येकाची वेळ वेगळी. म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर, चोक उघडल्यावर, खालच्या क्रमाने जावे आणि एका वेळी एकच बदल करावा.

प्रथम संथ गती. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत स्थिर चालेल तिथे थांबावे. लॅम्डा साधारण ०.९५ ते १ च्या दरम्यान असावा. जुने इंजिन १ च्या पलीकडे सहसा स्थिर चालत नाही. तिथे आकड्याचा हट्ट धरू नये.

मग हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर देत बघावे. थोड्याच दाबाला लॅम्डा एकदम १.१ च्या वर गेला आणि गाडी अडखळली, तर दोष संथ गतीच्या जेटमध्ये किंवा त्याच्या बारीक छिद्रांत आहे. मुख्य जेट बदलून तो जाणार नाही.

नंतर सपाट रस्त्यावर ५० ते ६० च्या स्थिर वेगात मुख्य जेट पाहावा. लॅम्डा १ ते १.०५ असेल तर अ‍ॅव्हरेजही मिळतो आणि इंजिनही सुखी राहते. १.०८ च्या पुढे असेल तर जेट मोठा हवा. सोलेक्स किंवा वेबर पद्धतीच्या जेटवरचा क्रमांक म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. इंधन छिद्राच्या क्षेत्रफळाप्रमाणे येते, म्हणून ८ टक्के जास्त इंधनासाठी व्यास केवळ ४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. १०० क्रमांकाच्या जागी १०५ चा जेट बहुधा पुरतो. तारेने किंवा ड्रिलने छिद्र मोठे करण्याचा मोह टाळावा. तसे छिद्र गोल राहत नाही आणि मागेही येता येत नाही.

त्यानंतर चढावर पूर्ण जोर. इथे लॅम्डा ०.८५ ते ०.९ असावा. जोर लावताना १ च्या पलीकडचा आकडा दिसला तर ताबडतोब पाय काढावा. पिस्टन जळण्याची सुरुवात इथेच होते. चोर्ला किंवा अनमोड घाटाचा चढ या चाचणीला कोणत्याही गॅरेजपेक्षा चांगला आहे. मात्र आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत आणि वहीत टिपावेत. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी.

शेवटी अ‍ॅक्सिलरेटर पंप. पाय एकदम दाबल्यावर क्षणभर लॅम्डा वर उडी मारत असेल तर पंपाची फवार कमी किंवा उशिरा पडते. खाली कोसळून काळा धूर येत असेल तर ती जास्त आहे.

पीयूसीचा प्रश्न

इंधन मिळाले की गाडी धावते, म्हणून पेट्रोल वाढवतच जावे, असा मोह होतो. इथे पीयूसी आडवी येते, आणि ते योग्यच आहे. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला संथ गतीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. त्यानंतरच्या गाड्यांना ती आणखी कडक आहे. ढोबळमानाने लॅम्डा ०.९२ च्या आसपास उतरला की ३ टक्क्यांची रेषा जवळ येते. म्हणजे संथ गतीत ०.९५ च्या वर राहणारी जुनी गाडी या कसोटीत सहसा अडत नाही. तरी सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही; ते काम पीयूसी केंद्रातल्या यंत्राचेच. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग कधीही करू नये. हा वायू वास न येता माणूस मारतो.

दुसरी अपेक्षाही आवरावी. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालानेच शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचा अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. ट्यूनिंगने अडखळणे जाईल, तापणे जाईल, चढावरचा दम परत येईल. अ‍ॅव्हरेजची ती घट मात्र पूर्ण भरून निघणार नाही.

एक संच, अनेक गाड्या

प्रत्येक मालकाने वाइडबँड विकत घ्यावा, असे मुळीच नाही. पाइपवरची बैठक एकदा वेल्डिंग करून घेतली की सेन्सर एका गाडीतून दुसरीत जातो. मडगाव, म्हापसा किंवा फोंड्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी मिळून एक संच घेतला तरी पुरतो. औराद तालुक्यासारख्या भागात, जिथे शेतावरच्या जीप आणि ओम्नी अजून रोजच्या कामात आहेत, तिथे एखाद्या गॅरेजने असा संच ठेवला तर आसपासच्या गावांची सोय होईल.

ज्याचा कान तीस वर्षे इंजिन ऐकत आला आहे, त्याच्या हाती हा आकडा आला तर काम सर्वांत लवकर होते. अडखळणे कोणत्या मार्गातले, हे त्याचा कान सांगतो. मिश्रण किती चुकले, हे सेन्सर सांगतो. पेट्रोल उद्या पुन्हा बदलले, इथेनॉल आणखी वाढले, तरी हीच वही, हाच क्रम आणि लॅम्डाचा हाच १ कामाला येईल. म्हातारी म्हणून भंगारात निघालेली एखादी गाडी केवळ एका पुढच्या क्रमांकाच्या जेटची वाट पाहत असेल, तर निदान ती तपासणी व्हायला हवी.